अळणी

गेल्या वर्षी १४ ऑगस्टच्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजींनी माझ्या हातच्या साम्ग्येतांगचा, म्हणजे कोंबडीच्या कोरियन रश्श्याचा, पहिला चमचा तोंडात घेतला, क्षणभर थांबल्या, चमचा वाडग्याच्या कडेला टेकवला आणि एवढेच विचारले, "मीठ घातलंस का?" रस्सा पिवळाधमक झाला होता, कारण कोंबडी धुऊन झाल्यावर माझ्या हातांनी मला न विचारताच तिला हळद-मीठ चोळले होते. पांढऱ्याशुभ्र असायला हव्या त्या रश्श्याच्या पिवळेपणाबद्दल आजींनी अवाक्षर काढले नाही. मी होय म्हणाले. "उकळताना?" "त्याच्याही आधी." मग त्यांनी मी टेबलावर हौसेने मांडलेल्या मीठ-मिरपुडीच्या इवल्याशा बशीकडे पाहिले, जिचे आता काहीच काम उरले नव्हते, आणि ती बोटभर बाजूला सरकवली. पुढे त्यांनी सगळा वाडगा संपवला, हाडे रिकाम्या भांड्यात नीट रचली, घाम पुसला, आभार मानले. निघताना दारात चपला घालता घालता मात्र त्या म्हणाल्या, "मीठ खाणाऱ्यानं घ्यायचं असतं, सेदेक." सेदेक म्हणजे नवी नवरी. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती, पण या इमारतीत माझ्याहून तरुण लग्न झालेली बाई दुसरी कोणी नसल्यामुळे हा मान माझ्याकडे कायमचा आला आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

बोलून दाखवण्यासारखे दुःख हे नव्हते. पण ज्या घरात मी वाढले, तिथे मीठ ही रांधणाऱ्या बाईच्या अब्रूची गोष्ट होती. ताट वाढताना वरच्या बाजूला चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड ठेवण्याची पद्धत होती खरी, परंतु त्या मिठाला कोणी हात लावायचा नाही, हा अलिखित नियम होता. एखाद्या पाहुण्याचे बोट चुकून त्या ढिगाकडे गेले, की माझी आजी पदर सावरत पुढे यायची आणि विचारायची, "कमी झालंय का?" तिच्या त्या प्रश्नाने जेवणारा असा ओशाळत असे, की मीठ कमी असले तरी तो "छे, छे" म्हणून हात मागे घेई. नैवेद्याचा स्वयंपाक चाखून पाहायचा नसल्यामुळे ती वाफेवर नाक धरून मिठाचा अंदाज घेत असे आणि तो चुकल्याचे मला आठवत नाही. अशा बाईची नात मी. मीठ नेमके पडले आहे, याची मला खात्री होती. इतकी खात्री, की आजींनी नेमकी त्याच गोष्टीबद्दल नाराजी दाखवावी, हे मला कळतच नव्हते.

कोरियात ऐन उन्हाळ्यात बोकनाल नावाचे तीन दिवस येतात. पहिला छोबोक, मधला जुंगबोक आणि शेवटचा मालबोक. दिवस मोजण्याचे दहाचे एक जुने चक्र आहे. त्यातला ठरावीक दिवस उत्तरायण संपल्यानंतर तिसऱ्यांदा आला की छोबोक, चौथ्यांदा आला की जुंगबोक. मालबोक मात्र शरद ऋतू लागल्याच्या तिथीनंतरच धरायचा. म्हणून पहिल्या दोन दिवसांत नेहमी दहा दिवसांचे अंतर असते आणि शेवटचा कधी दहा, तर कधी वीस दिवसांनी येतो. गेल्या वर्षी तो वीस दिवसांनी आला होता. आमच्या देजॉन शहरात त्या दिवसांत हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसते, रात्रीसुद्धा उठत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत दुपारी बारा वाजता साम्ग्येतांगच्या खानावळींपुढे रांगा लागतात. आत मातीच्या काळ्या वाडग्यात रस्सा टेबलावर आल्यावरही खदखदत असतो. उष्म्याला उष्म्याने मारायचे, अशा अर्थाची चार अक्षरी म्हण इथे शाळकरी पोरालाही पाठ असते. आपण उन्हाळ्यात ताक, पन्हे, कोकम सरबत यांच्या आश्रयाला जाणारी माणसे. पहिल्या वर्षी मला ही शुद्ध हट्टाची गोष्ट वाटली होती.

हळूहळू जाणवले, की हे आपल्या आखाडापासून फार लांबचे नाही. छोबोक जुलैच्या मध्यावर येतो, म्हणजे बहुधा आषाढात, आणि त्या सुमारास आमच्या कोल्हापूरकडेही कोंबड्यांची खैर नसते. फक्त तिथे पुढच्या श्रावणाची धास्ती असते आणि इथे उकाड्याची. अडचण एवढीच, की इथला तिसरा दिवस बहुतेकदा श्रावणात सापडतो. त्या १४ ऑगस्टला रात्री आईचा फोन आला आणि तिने विचारले, "काय केलं होतंस आज?" मी म्हणाले, "भात." कोंबडीच्या पोटात भात असतोच, त्यामुळे हे खोटे नव्हते.

साम्ग्येतांग या नावातच सगळी कृती आली आहे: साम म्हणजे जिनसेंगचे मूळ, ग्ये म्हणजे कोंबडी, थांग म्हणजे रस्सा. मात्र जे नावात नाही, त्यानेच मला पहिल्यांदा दचकायला झाले, ते म्हणजे प्रत्येक माणसाला एक अख्खी कोंबडी. इथल्या दुकानात कोंबड्या नंबराने विकल्या जातात आणि साम्ग्येतांगला लागते ती पाच नंबरची, म्हणजे ४५१ ते ५५० ग्रॅम वजनाची. गावाकडे जिला तलंग म्हणतात तिच्याहूनही ती लहान, जेमतेम महिन्याभराचे पिल्लू. ते एका वाडग्यात बरोबर मावते, पाय दुमडून, मान नसलेले, रश्श्यात अर्धे बुडालेले. पहिल्यांदा एका खानावळीत ते माझ्यापुढे आले तेव्हा मी आजूबाजूला पाहिले होते, यात आणखी कोण कोण आहे म्हणून.

कारण आमच्या घरी एक कोंबडी नऊ जणांत होत असे. आजी माळकरी, त्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात हा प्रकार चालत नसे; परसात तीन दगडांची चूल मांडून काका आणि आई मिळून तो उरकत. कोंबडीचे तुकडे किती करायचे याचे गणित आधीच झालेले असे. तंगड्या दोनच, त्या बाबांना आणि काकांना, किंवा पाहुणा असेल तर त्याला. काळीज कोणाला, यावर भावंडांत भांडण. आणि पंख, मान, पाठीचा सापळा हे पदार्थ बायकांना फार आवडतात, अशी त्या घरातल्या पुरुषांची प्रामाणिक समजूत होती. ऐनवेळी दोन माणसे वाढली की आई रश्श्यात तांब्याभर आधणाचे पाणी ओतायची आणि मिठाचा हात फिरवायची. आईने तंगडी खाल्ल्याचे मी कधी पाहिले नाही. देजॉनच्या त्या खानावळीत माझ्या एकटीच्या वाडग्यात दोन तंगड्या होत्या. मी दोन्ही खाल्ल्या, फार आनंदाने खाल्ल्या, आणि मग पंखाशी आल्यावर घास तोंडातच फिरत राहिला. मनात अपराध होता की एकटेपणा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. शेजारच्या टेबलावर एका कंपनीतले आठ जण बसले होते. आठ वाडगे, आठ कोंबड्या. कोणीही कोणाच्या वाडग्यात डोकावत नव्हते आणि भांडायला काही कारणच नव्हते.

यंदा छोबोक २० जुलैला, रविवारी आला. आषाढातच, अमावास्येच्या चार दिवस आधी. मी ठरवले होते, की हा रस्सा पहिल्यापासून नीट करायचा. म्हणून १२ तारखेलाच गुमसानला जाऊन आले. देजॉनहून बसने तासाभराच्या अंतरावरचे हे डोंगरातले गाव जिनसेंगच्या बाजारासाठी देशभर ओळखले जाते आणि २ व ७ अंकांनी संपणाऱ्या तारखांना तिथे आठवड्याच्या बाजारासारखी गर्दी असते. वाटेत उतारांवर काळ्या कापडाची बुटकी, तिरकी छपरे दिसू लागली, की जिनसेंगची शेते आली असे समजावे. या झाडाला ऊन सोसत नाही. बाजारात शिरताच वास येतो: ओली माती, सोललेला मुळा आणि बंद कपाटातले आयुर्वेदिक चूर्ण, असे काहीतरी मिळून. ओली मुळे ढिगाने मांडलेली असतात आणि त्यांचे माप 'छे' असते. एक छे म्हणजे ७५० ग्रॅम. हे माप इतर कोणत्याही वस्तूसाठी वापरलेले मी पाहिलेले नाही, त्यामुळे आपल्या जुन्या पायली-शेरांची आठवण होऊन मला उगीच बरे वाटले. सहा वर्षांचे मूळ मानाचे, तळहाताएवढे, हातपाय फुटलेल्या बाहुलीसारखे दिसणारे. साम्ग्येतांगला मात्र करंगळीएवढी लहान मुळे वेगळी काढलेली असतात. विकणाऱ्या बाईंनी सांगितले, की ही चार वर्षांची आहेत, आणि देठाकडची गाठ कापून टाक. मी मनाशी हिशेब केला: महिन्याभराच्या पिल्लाच्या पोटात चार वर्षांचे मूळ. परत येण्याआधी तिथली जिनसेंगची भजी खाल्ली. अख्खे मूळ पिठात बुडवून तळतात आणि मधात टेकवून खातात. आधी कडू लागते, मग जिभेच्या मागे ज्येष्ठमधासारखा गोडवा रेंगाळतो. भर पावसात, पत्र्याच्या छपराखाली, उभ्याने खाल्लेली ती भजी मला त्या सबंध दिवसातली सर्वांत ओळखीची गोष्ट वाटली.

बाकीचे सामान इथल्या कुठल्याही दुकानात मिळते. जुलैत तर ह्वांग्गी नावाच्या मुळाच्या चपट्या पट्ट्या, ऑमनामूच्या काटेरी काटक्या आणि देछू एकत्र बांधलेली पुडकी कोंबड्यांच्या शेजारीच टांगलेली असतात. देछू हे बोरीच्या कुळातले फळ. सुकल्यावर ते गर्द तांबडे आणि सुरकुतलेले होते, आणि उकळले की बोरकुटाच्या जवळचा वास सोडते. तांदूळ लागतो तो चिकट, छाप्साल नावाचा, आणि तो तासभर भिजवावा लागतो. तो किती भरायचा हे मी नुकसान सोसून शिकले आहे. पहिल्या वर्षी मी मोदकात सारण भरावे तसा गच्च भरला होता. पाऊण तासाने तो इतका फुगला, की कोंबडीची पाठ उसवली आणि पातेल्यात पेज झाली. पोट अर्धेच भरायचे. दोन मोठे चमचे तांदूळ, तीन-चार लसणाच्या पाकळ्या, एक देछू, एक सोललेले चेस्टनट, एक मूळ, आणि शेवटी पुन्हा चमचाभर तांदूळ, बूच लावल्यासारखा.

त्याआधी कोंबडी साफ करणे हे खरे काम. शेपटीकडचा चरबीचा गोळा कापून टाकायचा, पंखांची टोके छाटायची, आणि आत बोट घालून कण्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले काळपट रक्त वाहत्या पाण्याखाली खरवडून काढायचे. ते राहिले तर रस्सा मातकट होतो आणि वासही मारतो. मी दोन्ही कोंबड्या निथळत ठेवल्या आणि माझा उजवा हात फळीवरच्या हळदीच्या डब्याकडे गेला. खरोखर गेला. झाकणावर बोटे टेकल्यावर मी थांबले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी हळद-मीठ न लावलेली कोंबडी कधी शिजवली नव्हती. तसे करणे मला न धुतलेल्या तांदळाचा भात लावण्यासारखे वाटत होते. डबा मी सर्वांत वरच्या फळीवर, हात न पोचेल अशा जागी ठेवला आणि तोंड फिरवून पुढच्या कामाला लागले.

मग पाय बांधायचे. दोरा लागत नाही. एका मांडीच्या खालच्या सैल कातडीला सुरीच्या टोकाने बोटभर चीर द्यायची, दुसरा पाय आडवा घेऊन त्या चिरेतून ओवायचा आणि हलकेच ओढायचा. कातडी ताणली जाते, पण फाटत नाही. पायाचे हाड पलीकडून बाहेर डोकावते आणि पोटाचे तोंड आपोआप मिटते. दुसऱ्या कोंबडीच्या वेळी माझी चीर कडेला फार जवळ गेली आणि फाटली, तेव्हा टूथपिक खोचून वेळ मारून नेली. दोघी पातेल्यात शेजारी शेजारी बसल्या. वर ह्वांग्गी, काटक्या, जाड पातीच्या कांद्याचे पांढरे बुडखे, आल्याचे चार काप, आणि कोंबड्या जेमतेम बुडतील एवढे गार पाणी. पहिली उकळी येताना राखाडी फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहायचा. एकदा फेस यायचा थांबला की आच कमी करून झाकण तिरके ठेवायचे. त्यानंतर पन्नास मिनिटे काहीही करायचे नसते. फोडणी नाही, परतणे नाही, वाटण नाही. आमच्याकडे मटणाचा दिवस म्हणजे खोबरे भाजण्याच्या धुराने डोळे लाल झालेली आई. इथे मी हात बांधून उभी होते आणि पाणी आपापले पांढरे होत होते.

तिथे उभी असतानाच तो शब्द आठवला.

परसातल्या चुलीवर तिखट पडण्याआधी, फक्त हळद, मीठ, आले-लसूण यांत शिजलेल्या कोंबडीचे पहिले पाणी आई वेगळे काढायची. पितळी वाट्यांत ते आम्हां मुलांना मिळायचे. घरात बाळंतीण किंवा तापातून उठलेले कोणी असेल तर आधी त्यांना. वर चरबीचे सोनेरी डोळे तरंगत असत आणि वाटी इतकी तापलेली असे, की फ्रॉकच्या घोळात धरून प्यावी लागे. त्याला आम्ही अळणी म्हणायचो. अळणी म्हणजे मीठ नसलेले. शब्दकोशातही हाच अर्थ आहे. आणि तरी आमच्या अळणीत मीठ असायचेच, नेमके, आईच्या हाताचे. नसायचे ते तिखट. इतकी वर्षे हा शब्द वापरून मला ही विसंगती कधी टोचली नव्हती. मीठ ही वगळता येण्यासारखी गोष्ट आहे, हेच मुळी आम्हांला ठाऊक नव्हते. शब्दात ते वगळले तरी पातेल्यात पडतच होते. आता हजारो किलोमीटरवर, त्या शब्दाला अक्षरशः जागणारा रस्सा माझ्यापुढे उकळत होता.

मी चमचाभर चाखून पाहिला. आधी काहीच लागले नाही. गरम, किंचित चिकट पाणी. मग कोंबडीची गोडी, तांदळाची गोडी, देछूची गोडी, आणि सगळ्यांच्या मागे त्या मुळाचा कडवटपणा, ओल्या भिंतीसारखा. चव वाईट नव्हती. पण दार अर्धवट उघडे राहिलेल्या घरात बसावे तशी मी अस्वस्थ झाले. हात दोनदा मिठाच्या बरणीकडे गेला. असे भांडे दुसऱ्याच्या पुढे ठेवायचे म्हणजे काम अर्धे टाकून उठल्यासारखे वाटते. की दुसऱ्यावर तेवढा विश्वास ठेवल्यासारखे असते? आजींच्या त्या वाक्याचा मी वर्षभर राग धरला होता. उद्धट मी होते, असे काही मला त्या क्षणी वाटले नाही. फक्त एवढे आठवले, की आमच्या घरात बाबांना रक्तदाब निघाल्यावरसुद्धा ते दोन वर्षे तेच मीठ मुकाट्याने खात राहिले होते, कारण आईला "कमी घाल" म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

आजी साडेबाराला आल्या. नवरा कामासाठी सोलला गेलेला असल्याने आम्ही दोघीच होतो. मातीचे वाडगे, ज्यांना इथे तुकबेगी म्हणतात, मी आधी शेगडीवर तापवून घेतले होते. साबणाने धुतले तर त्यांची सच्छिद्र माती साबण पिऊन बसते, हा धडाही जुनाच. एकेक कोंबडी अलगद उचलून वाडग्यात ठेवली, तिच्यावर रस्सा, वर कांद्याची हिरवी पात. कक्तुगी, म्हणजे मुळ्याच्या फोडींची किमची, मध्ये ठेवली. आणि ती बशी: जाड मीठ अर्ध्या भागात, मिरपूड अर्ध्या भागात.

आजींनी रस्सा पाहिला, आधी डोळ्यांनी, मग चमच्याने ढवळून. पांढरा होता. चमचाभर प्यायल्या. मग बशीतून दोन बोटांत मावेल एवढे मीठ उचलून वाडग्यात टाकले, ढवळले, पुन्हा प्यायल्या आणि घसा मोकळा करत म्हणाल्या, "आss, शिवॉनहादा." या शब्दाचा अर्थ आहे गार वाटले. उकळत्या रश्श्यावर, कढत पाण्याच्या हौदात उतरल्यावर, पाठ रगडून घेतल्यावर इथली माणसे हाच शब्द म्हणतात. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग त्यांनी देछू चमच्याने काढून बाजूला ठेवले; कोंबडीतले सगळे वाईट तेच शोषून घेते, अशी त्यांच्या पिढीतल्या अनेकांची समजूत आहे. मी माझे खाल्ले, तेव्हा त्यांनी जीभ टाळूला लावून "च्च" केले.

नंतर त्यांनी चॉपस्टिकने छाती उघडली. आतला भात चकचकीत, करडा, लसणाच्या विरघळलेल्या पाकळ्यांनी माखलेला, वाफेसकट बाहेर आला आणि रश्श्यात पसरला. मीही माझी उघडली. भात थोडा कच्चट राहिला होता, अगदी मधोमध. मी काही बोलले नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. मी बशीतून चिमूटभर मीठ घेतले, ढवळले, चाखले. अजून कमी वाटले. दुसरी चिमूट घेतली. आता जवळपास आईच्या अळणीच्या आसपास आले होते, अगदी थोडे हुकत होते. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा बशी जागेवर नव्हती. आजींनी ती उचलून आपल्या डाव्या हाताशी, कक्तुगीच्या पलीकडे ठेवली होती, आणि माझ्याकडे न बघता त्या तंगडीचे मांस सोडवत होत्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. "खारट होईल."